केळुसकरांच्या घरी दोनदा

१९६५च्या डिसेंबरात तारकर्ली येथे केळुसकरांच्या तिसऱ्या मुलाच्या लघवीने ओल्या फडक्यावर फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, तेव्हा फडके हिरवे झाले. मूल त्या वेळी एक वर्षाचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच वाडीत, त्याच डॉक्टरीणबाईंनी, त्याच औषधाने तपासणी केली होती. तेव्हा फडक्यावर औषधाच्या पिवळट डागाखेरीज काही उमटले नव्हते. दोन्ही वेळी मी हजर होतो. पहिल्या तपासणीची बातमी मी छापली, दुसरीची छापली नाही.

मालवण, फेब्रुवारी

बोट मालवणला धक्क्याला लागत नाही. ती बाहेर उभी राहते आणि उतारू मचव्यातून किनाऱ्यावर येतात. डॉ. वसुधा नाडकर्णींनी सामानातली एक लाकडी पेटी तांडेलाच्या हाती द्यायला नकार दिला आणि ती मांडीवर घेऊन त्या मचव्यात बसल्या. पेटीत फेरिक क्लोराइडची तपकिरी बाटली, काचेच्या नळ्या, टिपकागद आणि पत्र्याचे दोन डबे होते. डब्यांत परदेशातून आलेली दुधासारखी पांढरी भुकटी होती. ती मिळवायला डॉक्टरांना अकरा महिने पत्रव्यवहार करावा लागला होता.

डॉ. नाडकर्णी मुंबईच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात. वय चाळिशीच्या आत. त्या या किनाऱ्यावर आल्या त्या एका पत्रामुळे. पत्र कुंदा परब यांचे. कुंदाबाई या भागातल्या दवाखान्यात नर्स असून मूळच्या मसुऱ्याच्या. त्यांनी लिहिले होते की तारकर्लीत एका घरात दोन मुले आहेत, दोन्ही मंदबुद्धी, दोन्ही घरातल्या इतरांपेक्षा गोरी, केस पिंगट. आणि दोघांच्याही कपड्यांना एक वास येतो, बंद कपाटात उंदीर राहून गेल्यावर येतो तसा. शेवटच्या वाक्यावरून डॉक्टरांनी रजा टाकली.

मी नगरचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि गूळ देतात. मालवणच्या खानावळीत आधी कढी आली, आमसुलाची, नारळाच्या रसातली, आणि ती भाताबरोबर घ्यायची की नुसती प्यायची हे मला ठरवता येईना. तेवढ्यात पेटीतल्या बाटलीचे बूच सैल झाल्याचे लक्षात आले. ते घट्ट करताना माझ्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत गंजासारखा डाग पडला. वाढणाऱ्या बाईंनी तो पाहिला. त्या म्हणाल्या, “सायबानू, कढी तोंडात घालूची आसता.” तो डाग पुढे धुतला गेला नाही. सर्व फेरी मी त्याच पायजम्यात केली, कारण दुसरा एकच होता आणि तो बोटीवर भिजला होता.

तारकर्ली, दुसरा दिवस

मालवणहून तारकर्लीपर्यंत काही अंतर बैलगाडी आणि पुढे पायी. वाटेत डॉक्टरांनी रोग समजावून सांगितला. मी तो मला कळला तसा देतो.

मासे, डाळ, दूध यांत जी प्रथिने असतात, ती पोटात गेल्यावर सुटी होऊन त्यांची अमिनो आम्ले होतात. त्यांतल्या एका आम्लाचे रूपांतर दुसऱ्यात करण्याचे काम यकृतातले एक विशिष्ट एन्झाइम करते. ते एन्झाइम कसे बनवायचे याची सूचना जनुकात असते. आईकडून एक जनुक येते, बापाकडून एक. दोहोंपैकी एक बरे असले तरी काम भागते. दोन्ही बिघडलेली आली तर एन्झाइम बनत नाही, ते आम्ल रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूची खराबी करते. कातडीचा आणि केसांचा रंगही त्याच साखळीतून पुढे तयार होतो, म्हणून ही मुले गोरी दिसतात. साठलेल्यातले काही लघवीतून बाहेर पडते. वास त्याचा. फेरिक क्लोराइडने जो हिरवा रंग येतो तोही त्याचाच.

उपाय आहे का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाल्या की एन्झाइम देता येत नाही. मात्र ते आम्ल अन्नातून जवळजवळ काढून टाकता येते. डब्यातली भुकटी तशीच होती. पण ती पहिल्या काही आठवड्यांत, फार तर पहिल्या काही महिन्यांत सुरू व्हावी लागते. मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही. मोठ्या दोन मुलांसाठी आता काही करण्यासारखे नव्हते. केळुसकरांच्या घरी डिसेंबरात तिसऱ्या खेपेस मुलगा झाला होता. तो दहा आठवड्यांचा होता. पेटी त्याच्यासाठी होती.

आम्ही पोचलो तेव्हा किनाऱ्यावर रापण ओढणे चालू होते. होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेले मोठे जाळे दोन्ही टोकांना तीस-चाळीस माणसे किनाऱ्यावरून ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. बाबलो केळुसकर, मुलांचे वडील, दोरीवर होते. सोडून येता येईना, म्हणून मीही दोरीला हात लावला. माझ्यामागचा म्हातारा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “पेन हलका आसता, सायबानू. ह्यां खाली ठेवा.” सर्वजण हसले. बाबलोही हसले. त्यांना हसताना मी तेवढेच पाहिले.

केळुसकरांचे घर माडांत, वाळूवर. जमीन सारवलेली, भिंती मातीच्या, वर झावळ्या. घरात बाबलोंची आई रखमाबाई, बायको सुलोचना आणि मुले. सुलोचना ही बाबलोंच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडेही मामाच्या मुलीवर हक्क सांगतात. या बाबतीत देश आणि कोकण यांत फरक दिसला नाही.

थोरला गजा नऊ वर्षांचा. तो ओट्यावर बसून पुढेमागे झुलत होता आणि डोळ्यांसमोर बोटे हलवीत होता. धाकटी शालू सहा वर्षांची. ती एका माडाभोवती फिरत होती. आम्ही तिथे चार तास होतो. ती फिरायची थांबली ती दोनदा, जेवताना आणि झोप आल्यावर. दोघांपैकी कोणी एकही शब्द बोलत नाही. दोन्ही मुले देखणी आहेत. रखमाबाईंनी सांगितले की गजा जन्मला तेव्हा तो इतका गोरा होता की शेजारच्या वाडीतल्या बायका बघायला आल्या.

“गोरो झील झालो म्हणान मी साखर वाटलंय,” त्या म्हणाल्या. “माका काय म्हायत, गोरेपण खंयसून इला ता.”

दोघांच्या फडक्यांवर थेंब टाकले. दोन्ही गडद हिरवी झाली. रंग काही मिनिटांत उतरला. बाबलो रापणीवरून आले होते. ते वाकून पाहत राहिले. मग डॉक्टरांनी त्यांना आणि सुलोचनाला समोर बसवून जनुकांचे सांगितले. दोघांमध्ये एकेक बिघडलेले आहे. आजोबा-आजी एकच असल्यामुळे ते एकाच माणसाकडून दोघांकडे आले असणे शक्य आहे. दोष कोणाचा नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक अशी शक्यता असते.

बाबलोंनी हिशेब केला. चारांत एक म्हणजे चौघांत एकच आजारी व्हायला हवा होता. इथे दोन झाले. तेव्हा पुढची सगळी बरीच व्हायला हवीत. डॉक्टर म्हणाल्या, तसे नाही. दर खेपेला पुन्हा पहिल्यापासून चारांत एक.

बाबलोंनी दाराबाहेर समुद्राकडे पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे कालच्या जाळ्यात गावला नाय म्हणान आज गावतला, असा नाय.”

“तसंच,” डॉक्टर म्हणाल्या. आपण इतक्या वर्षांत याहून चांगले सांगितले नाही, असे त्या नंतर वाटेत मला म्हणाल्या.

यानंतर मालवणपासून आमच्याबरोबर असलेल्या कुंदाबाईंनी तिसरे मूल मागितले. त्यांच्या हातात वही होती आणि त्यांनी वहीतले वाचले: केळुसकरांचा मुलगा, डिसेंबरचा. रखमाबाई उठून मागच्या दाराने गेल्या. थोड्या वेळाने त्या मूल घेऊन आल्या. मूल सावळे होते, केस काळे, दाट. त्याने डॉक्टरांचे बोट धरले आणि सोडले नाही. सुलोचना दारात उभी होती. ती पुढे आली नाही. मी टिपणात “आई लाजाळू” असे लिहिले आहे.

फडके ओले व्हायला पाऊण तास लागला. थेंब टाकले. पिवळट डाग पडला आणि तसाच राहिला. डॉक्टरांनी खात्रीसाठी दुसऱ्या फडक्यावर पुन्हा टाकले. तेच झाले.

डॉक्टर म्हणाल्या, “तुमचा हा मुलगा चांगला आहे. या रोगाची त्याला भीती नाही. आईचं दूध द्या, पुढे पेज, मासे, सगळं देत जा.”

रखमाबाईंनी दोन्ही हात जोडले, ते आम्हाला नव्हेत. सुलोचना आत गेली. आत रडण्याचा आवाज आला. त्या रात्री केळुसकरांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. तिरफळे घातलेला बांगडा, उकड्या तांदळाचा भात, शेवटी खोबरे घालून गूळपोहे. बाबलोंनी मला तिसरा बांगडा वाढला. वाटा कमी पडल्यामुळे त्यांनी स्वतः पेज घेतली, हे मला दुसऱ्या दिवशी कुंदाबाईंकडून कळले.

पुढचे दोन दिवस आम्ही मसुरे आणि वालावल येथे कुंदाबाईंनी सांगितलेली पाच मुले पाहिली. पाचही मंदबुद्धी होती. कोणाच्याही फडक्यावर रंग आला नाही. डॉक्टर म्हणाल्या की मेंदू बिघडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. वालावलच्या तळ्याकाठी एका बापाने विचारले की रंग न येणे चांगले की वाईट. डॉक्टरांनी बाटलीचे बूच बसवले. त्या म्हणाल्या, “तुमच्या बाबतीत सांगता येत नाही.”

डबे तसेच, न उघडलेले, मुंबईला परत गेले. महिन्याभरात रुग्णालयात सात आठवड्यांची एक मुलगी आली, जिचे फडके हिरवे झाले. डबे तिला दिले. माझी बातमी मार्चमध्ये आतल्या पानावर आली. तीत केळुसकरांचे नाव दिले नव्हते, गाव दिले होते. “तिसरे अपत्य निरोगी” असे उपशीर्षक होते. ते मी दिले होते.

तारकर्ली, डिसेंबर

डॉ. नाडकर्णी डिसेंबरात पुन्हा निघाल्या त्या मोठ्या दोन मुलांच्या रक्ताचे नमुने घेण्यासाठी. आई-बापांचेही रक्त तपासून कोणात किती आम्ल साठते हे पाहायचे होते. माझे तिथे काम नव्हते. मी चार दिवसांची रजा घेऊन गेलो.

घर तसेच होते. गजाला फेब्रुवारीनंतर दोनदा झटके आले होते. शालू त्याच माडाभोवती फिरत होती. बुंध्याभोवतीची वाळू घट्ट होऊन वाटेसारखी झाली होती. देवाच्या फळीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, माझ्या बातमीचे कात्रण होते. कुंदाबाईंनी ते पाठवले होते. रखमाबाईंनी मला ते वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. “निरोगी” या शब्दाचा अर्थ त्यांनी विचारला आणि मी तो सांगितला.

डॉक्टरांनी सहज धाकट्याला पाहायला मागितले. रखमाबाई मागच्या दाराने गेल्या आणि मूल घेऊन आल्या. सावळा, दाट केसांचा मुलगा. त्याला जमिनीवर ठेवले. तो भिंतीला धरून उभा राहिला, चार पावले गेला, पडला, पुन्हा उठला. डॉक्टरांनी त्याला उचलून सुलोचनाच्या कडेवर दिले.

मूल रडू लागले. मागच्या दाराकडे हात करू लागले. सुलोचनाने त्याला थोपटले. ते रडतच राहिले, पण तिच्या पदराकडे वळले नाही. तेवढ्यात झावळ्यांच्या कुडणापलीकडे, म्हणजे कुंपणापलीकडे, शेजारच्या घरात, दुसरे एक मूल रडले. बारीक, एकसुरी आवाज. सुलोचनाची चोळी समोरून ओली झाली.

डॉक्टरांनी ते पाहिले. मीही पाहिले, पण मला त्याचा अर्थ कळला नाही. डॉक्टरांनी रखमाबाईंना बसायला सांगितले आणि विचारले, “मावशी, पलीकडे कोण रडतंय?”

“पारूचो झील.”

“आणि हा?”

“ह्यो आमचो.”

“सुलोचनाच्या पोटचा कोणता?”

सुलोचना सासूकडे पाहत होती. याही खेपेस बरोबर आलेल्या कुंदाबाई मधे पडल्या आणि मालवणीतून भराभर बोलल्या. त्यानंतर जे सांगितले गेले ते असे.

ज्या घरात मुले वाचत नाहीत किंवा धड होत नाहीत, तिथे पुढचे मूल जन्मताच दुसऱ्या बाईच्या ओटीत घालतात. अनिष्ट आले तर त्याला त्या घरात त्यांचे मूल सापडू नये, हा हेतू. ही चाल कोकणात, देशावर, सगळीकडे आहे. माझ्या चुलत्याचे नाव भिकाजी याच कारणाने आहे. आमच्याकडे मूल सुपात घालून दाराबाहेर ठेवतात आणि शेजारीण ते उचलून लगेच परत देते. कुंदाबाई म्हणाल्या की त्यांच्या मसुऱ्यातही ते घटकाभराचे असते. केळुसकरांच्या घरात ते तसे नव्हते. शेजारच्या पारूबाईंना त्याच आठवड्यात मुलगा झाला होता. देवासमोर गाऱ्हाणे घालून दोन्ही मुलांची अदलाबदल झाली. राहायला दोन्ही मुले पारूबाईंकडेच, दूध ज्याच्या त्याच्या आईचे. सुलोचना दिवसातून सात-आठ वेळा कुडणातून पलीकडे जाऊन मुलाला पाजून येत होती. पण बोलायचे ते बदलूनच. केळुसकरांचा मुलगा कोणता असे कोणीही विचारले, तर पारूबाईंचा दाखवायचा. मूल आपल्या पायांनी चालत येऊन उंबरा ओलांडील त्या दिवशी ते परत घ्यायचे. तोवर ते बोलून मोडले तर सगळे फुकट.

वाडीत हे प्रत्येकाला ठाऊक होते. कुंदाबाईंनी जन्म विचारून वहीत लिहिला तेव्हा वाडीने त्यांना बदललेलेच सांगितले. नोंद करणाऱ्यालाही तेच सांगितले. फेब्रुवारीत डॉक्टरांनाही तेच दाखवले.

डॉक्टर म्हणाल्या, “मावशी, मला रक्ताचा हवा होता.”

रखमाबाई म्हणाल्या, “तुमी रगताचो खंय इचारल्यात? केळुसकरांचो झील म्हणान इचारल्यात. केळुसकरांचो ह्यो. ओटी भरून घेतलेलो. मी खोटा बोलाक नाय.” मग त्या देवाच्या फळीकडे बघून म्हणाल्या, “आणि तुमीच सांगल्यात, तुमचो झील बरो आसा. मी म्हटलंय, देवान ऐकल्यान.”

पारूबाईंच्या घरात मूल चटईवर उताणे होते. वर्षाचे, गोरे, केस पिंगट. मान धरत होते. बसत नव्हते. नजर छताच्या झावळ्यांकडे होती आणि आम्ही आत गेलो तरी वळली नाही. वास मला दारातच आला. डॉक्टरांनी त्याच्या अंगाखालचे फडके काढले, बाटली उघडली, तीन थेंब टाकले.

सुलोचना मागून आली होती. फडके हिरवे होत असताना ती बोलली. फेब्रुवारीपासून दोन्ही फेऱ्यांत मी तिचे ऐकलेले हे पहिले वाक्य.

“वास माका पयल्या म्हयन्यातच इल्लो,” ती सासूकडे बोट करून म्हणाली. “गजाचो तोच, शालूचो तोच. मी आयेक सांगीत रवलंय. आये म्हणाली, डागतरीण बरो म्हणता ना. कागदातय छापला.”

डॉक्टर खाली बसल्या. त्यांनी विचारले, “मला का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारूक नाय,” सुलोचना म्हणाली.

तिने मुलाला उचलले आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून पाजायला घेतले. पारूबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या मुलाला कडेवर घट्ट धरले होते. त्यांनी रखमाबाईंना विचारले की जे अनिष्ट ह्या पोराला शोधत होते ते आता कोणाच्या घरी आले.

बाबलो संध्याकाळी आले. त्यांना अंगणातच सांगितले गेले. त्यांनी एकच विचारले: फेब्रुवारीत खरा दाखवला असता तर? डॉक्टरांनी खरे सांगितले. वय दहा आठवडे होते, भुकटीचे दोन डबे पेटीत होते; तीन महिने पुरले असते; तोवर आणखी मागवता आले असते. पूर्ण बरा झाला असता असे सांगता येत नाही. बसला असता, बोलला असता, हे बहुधा खरे. बाबलोंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे रापणीवर गेले. या खेपेस आम्हाला कोणी जेवायला राहा म्हटले नाही. आम्ही मालवणच्या खानावळीत जेवलो. वाढणाऱ्या बाईंनी मला ओळखले आणि डाग गेला का म्हणून विचारले.

निघण्यापूर्वी रखमाबाई कुंदाबाईंबरोबर खानावळीत आल्या. म्हाताऱ्या बाईने एवढे अंतर वाळूतून चालून यावे असे काय काम होते, ते त्यांनी बसल्यावर सांगितले. त्यांनी डॉक्टरांना विचारले की पुढच्या खेपेस काय करायचे. डॉक्टर म्हणाल्या की मूल झाल्याबरोबर कळवा; आणि ते कोणाच्याही ओटीत घालू नका. रखमाबाईंनी पानाचा डबा मिटला. मग म्हणाल्या, “ता माज्यान होवचा नाय, गो बाये. ता सोडून काय ता सांग.”

त्यानंतर

मुंबईला आल्यावर डॉ. नाडकर्णींनी भुकटी पुन्हा मागवली. उशिरा दिल्यास मेंदू सुधारत नाही. पण झटके आणि चिडचिड काही मुलांत कमी होते, असे त्या म्हणाल्या. आयातीच्या परवानगीसाठी रोग्याच्या जन्माचा उतारा लागतो. उताऱ्यात मुलाच्या बापाचे नाव पारूबाईंच्या नवऱ्याचे होते. त्या दांपत्याला हा रोग असलेले दुसरे मूल नाही, तेव्हा अर्जातला कौटुंबिक इतिहास आणि उतारा जुळेना. दुरुस्तीसाठी दोन्ही बापांचे जबाब हवे होते. पारूबाईंचे पती जबाब द्यायला तयार नव्हते. मूल चालत आले नसताना नाव फिरवले तर आपल्या मुलाला धोका आहे, असे त्यांचे म्हणणे. ते जूनमध्ये तयार झाले. पावसाळ्यात बोट बंद असल्याने कागद घाटावरून फिरून आले. डबे १९६६च्या सप्टेंबरअखेर मुंबईत पोचले. दोन डबे.

ऑक्टोबरात कुंदाबाईंचे पत्र डॉक्टरांना आले. त्यांनी ते मला वाचायला दिले. मुलगा बावीस महिन्यांचा झाला आहे. टेकू दिल्यास बसतो, चालत नाही. म्हणून त्याचा मुक्काम अजून पलीकडेच आहे. ऑगस्टमध्ये त्याला पहिला झटका आला. सुलोचनाला पाचवा महिना आहे. दोन डबे आले हे तिला सांगितले, तेव्हा पोटातल्या मुलासाठी राखून त्यातले थोडे या मुलाला मिळेल का असे तिने विचारले आहे.

डॉक्टरांनी त्या प्रश्नाचे उत्तर पाठवले की नाही, हे मला ठाऊक नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा दोन्ही डबे कपाटात होते आणि त्यांचे झाकण उघडलेले नव्हते. पत्राच्या शेवटी कुंदाबाईंनी रखमाबाईंचा निरोप लिहिला आहे. पुढचे मूल ज्या बाईच्या ओटीत घालायचे ठरले आहे, तिचे नाव आणि शेजारच्या देवबाग गावातले घर रखमाबाईंनी स्वतः दवाखान्यात येऊन सांगितले. ते नाव डॉ. नाडकर्णींनी आपल्या वहीत उतरवून घेतले आहे.